डबीतली पावती

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दोनच विषय असतात. पेपर तपासून कधी संपणार आणि यंदा कुठे जाणार. कोणी कोकण म्हणते, कोणी अजमेर म्हणते, कोणाच्या घरी उमऱ्याची तयारी चाललेली असते. आम्हाला मात्र सहकारी मैत्रिणी आणखी एक प्रश्न हमखास विचारतात, "मॅडम, यंदा शोकेसमध्ये काय येणार?"

त्याचे कारण असे की मोशीच्या आमच्या लहानशा फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीला एक काचेचे शोकेस आहे. इतर घरांत तिथे कपबश्या आणि मुलांच्या ट्रॉफ्या असतात. आमच्याकडे सावंतवाडीची लाखेच्या रंगातली लाकडी फळे आहेत. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, घडी घातलेली हिमरू शाल आहे. मिरजेच्या एका सतार बनवणाऱ्या कारागिराने आमच्या धाकट्याला खेळायला दिलेला वाळक्या भोपळ्याचा तुकडा आहे. आणि मधल्या कप्प्यात, काळ्याभोर अंगावर चांदीची वेल असलेली, मुठीएवढी बिदरी डबी आहे. आज गोष्ट सांगायची आहे ती या डबीची. त्यात विमानतळही येणार आहे आणि चहाही.

शोकेसचा नियम अब्बांनी घालून दिलेला. ज्या गावी जाल तिथल्या हाताने घडलेली एक वस्तू आणा. एकच आणा, पण बनवणाऱ्याच्या दारात जाऊन आणा. अब्बा म्हणजे आमचे वडील. १९७२ च्या दुष्काळात उस्मानाबाद जिल्ह्यातले आपले गाव सोडून वयाच्या सतराव्या वर्षी ते पिंपरी-चिंचवडला आले. भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले, मग फिटर झाले, मग डाय बनवू लागले. चाळीस वर्षे त्यांनी कानस, छिन्नी आणि ग्राइंडर हाताळला. हाताने घडलेली वस्तू दिसली की ते आधी ती उलटी करून बघतात. म्हणतात, "वरून सगळेच चांगले करतात. कारागीर बुडाला कळतो."

पाहुणे शोकेस बघून कधी कधी विचारतात, "यात पिंपरी-चिंचवडचे काय आहे?" आम्ही हसून सांगायचो, "आमच्या गावची वस्तू शोकेसमध्ये मावत नाही, ती रस्त्यावर धावते." चाकणला गाड्या बनतात, भोसरीला त्यांचे सुटे भाग बनतात. शोकेसमध्ये ठेवावे असे आमच्या गावाकडे काही आहे, असे आम्हाला कधी वाटले नव्हते.

मिरजेहून बिदरला

मिरजेला आम्ही गेलो ते एका लग्नासाठी. दर्ग्याच्या परिसरात फिरताना सतारमेकरांच्या दुकानांसमोर अब्बा थबकले ते तासभर हललेच नाहीत. तिथे कळले की या घराण्यांचे मूळ पुरुष फरीदसाहेब हे शिकलगार होते, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. संस्थानी लढायांचे दिवस सरले, हत्यारांचे काम आटले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात ते तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि पुढे ती घडवण्याकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढा भागातले मोठे भोपळे वाळवून त्यांची सतार आणि तंबोरा बनतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ती बातमी आम्ही अब्बांना वाचून दाखवली. ते एवढेच म्हणाले, "हत्यार गेले तरी हात राहिला."

हे वाक्य त्यांनी सहज म्हटलेले नव्हते. भोसरीतही हाताची कामे गेली. जिथे चार फिटर डाय घासत बसायचे तिथे आता संगणकावर चालणारे एक मशीन आणि एक पोरगा असतो. अब्बांचे वर्कशॉप त्यांच्या निवृत्तीनंतर काही वर्षांत बंद पडले. शेठने जागा भाड्याने दिली. अब्बांचा बेंच ग्राइंडर भंगारात जाणार होता, तो त्यांनी विकत घेऊन आमच्या बाल्कनीत आणून ठेवला. घरातल्या सुऱ्या आणि शेजारच्या टेलरच्या कात्र्या तिथेच लागतात.

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे पुण्याहून लातूरमार्गे बिदरला जाणाऱ्या रेल्वेने निघालो. आम्ही, मुलांचे अब्बू, दोन मुले आणि अम्मी-अब्बा. बिदर हे आपल्या सीमेला लागूनच. मराठी, उर्दू आणि कन्नड तिन्ही कानावर पडतात, त्यामुळे परके वाटत नाही. बहमनी सुलतानांनी गुलबर्ग्याहून आपली राजधानी इथे हलवली. त्यांचा वजीर महमूद गवान याने १४७२ मध्ये बांधलेला मदरसा आजही उभा आहे. समोरचा एकच मिनार शिल्लक आहे, त्यावर निळ्या-हिरव्या टाइल्सचे थोडे तुकडे अजून चमकतात. पेशा शिक्षकाचा असल्यामुळे आमचा पाय तिथून लवकर निघेना. साडेपाचशे वर्षांपूर्वी या खोल्यांत कोणी तरी वर्ग घेत होते, पाठ न झाल्याबद्दल कोणाला तरी रागावत होते.

दुसऱ्या दिवशी चौबाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांत बिदरीचे कारखाने शोधत निघालो. कारखाना म्हणजे काय, घराची पुढची खोली. एक उस्ताद, त्यांचा मुलगा आणि एक शेजारी. तिघे जमिनीवर बसून काम करत होते. अब्बांनी सलाम केला आणि विचारले, "ओतकाम कशाचे आहे?" त्या एका प्रश्नावर उस्तादांनी ओळखले की हा माणूस धातूतला आहे. मग आम्ही बाजूला राहिलो आणि त्या दोघांचेच सुरू झाले.

बिदरीचे काम असे चालते. सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे या हिशेबाने धातू वितळवतात आणि वाळूच्या साच्यात ओततात. वस्तू बाहेर निघते ती खडबडीत आणि राखाडी. कानशीने घासून ती गुळगुळीत करतात. मग मोरचूदाचे पाणी चोळून तात्पुरती काळसर करतात, म्हणजे तिच्यावर काढलेली नक्षी डोळ्यांना दिसते. नक्षी कागदावरून उतरवत नाहीत. अणकुचीदार सळईने थेट हाताने काढतात. त्या रेषेवर बारीक छिन्नीने खोदतात आणि खोदलेल्या खाचेत चांदीची तार हातोडीने ठोकून बसवतात. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात, पत्र्याच्या कामाला तहनिशान. पुन्हा सगळे घासून एकसारखे करायचे. यावेळी चांदी आणि जस्त दोन्ही पांढुरकेच दिसतात, नक्षी जवळजवळ नाहीशी होते.

खरी गंमत शेवटी. बिदरच्या किल्ल्यातली, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती आणतात. तिच्यात नवसागर मिसळून पाण्यात उकळतात आणि गरम वस्तूला चोळतात. जस्ताचे अंग काळेभोर होते, चांदीला मात्र काहीही होत नाही. क्षणात सगळी वेल उमलून येते. माती योग्य आहे की नाही हे कारागीर जिभेला लावून ओळखतात. आमच्या थोरलीने तोंड वाकडे केले, पण अब्बांनी मान डोलावली. म्हणाले, "आम्हीही कूलंटचा वास घेऊन सांगायचो बदलायला आला की नाही."

नऊशे रुपये

आम्हाला ही डबी आवडली. किंमत विचारली. उस्ताद म्हणाले, "बत्तीसशे."

आणि आम्ही ते केले जे आपण सगळ्या जणी करतो. "दोन हजार," म्हणालो. त्यांनी मान हलवली. आम्ही डबी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "ऑनलाइन यापेक्षा स्वस्त मिळते," असेही बोलून टाकले, जरी आम्ही ऑनलाइन कधी बघितले नव्हते. उठून दारापर्यंत गेलो. शेवटी उस्ताद म्हणाले, "आपा, सकाळपासून बोहनी नाही. तेवीसशे द्या." धाकटा रस्त्यात उड्या मारत सगळ्यांना सांगत होता, "अम्मीने नऊशे रुपये वाचवले!" आम्हालाही मनातून बरे वाटले होते, खोटे कशाला बोलावे.

अब्बा परतीच्या गाडीत बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. लातूर गेल्यावर बोलले. आवाज नेहमीचाच होता, रागाचा नव्हता.

"आपल्या शॉपमध्ये कंपनीचा पर्चेसवाला यायचा," ते म्हणाले. "आम्ही फिक्स्चर बनवून ठेवलेले असायचे. तो हातात घेऊन बघायचा, खाली ठेवायचा. म्हणायचा, दुसऱ्या व्हेंडरकडे स्वस्त मिळते. उठून दारापर्यंत जायचा. शेठ हात जोडून त्याला परत बसवायचे. रेट कापला जायचा. शेठ काही आपल्या घरचे देत नव्हते, ते आमच्या ओव्हरटाइममधून निघायचे." मग थोडे थांबून म्हणाले, "एका ईदला तुला नवा फ्रॉक घेतला नव्हता. तुला आठवत नसेल."

आम्हाला आठवत होते. फुप्पीच्या मुलीचा फ्रॉक होता, आकाशी रंगाचा. अम्मीने आदल्या रात्री कमरेला चुण्या घालून लहान केला होता. तो फ्रॉक कोणाच्या तरी चतुराईमुळे आला होता, हे मात्र आम्हाला त्या दिवशी गाडीत पहिल्यांदा कळले.

त्यानंतर अब्बा त्या विषयावर काही बोलले नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये बिदरचे बिदरी कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री जाहीर झाली. अब्बांनी वर्तमानपत्रातले कात्रण कापून शोकेसच्या काचेला आतून चिकटवले. ते अजून तिथेच आहे.

आकाशातला प्रवास

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत अल्हम्दुलिल्लाह, अम्मी-अब्बांना उमऱ्याला न्यायचा योग आला. दोघांचाही हा पहिला विमानप्रवास. जाताना मुंबईहून जेद्दाहचे विमान होते. पहाटेच घरून निघालो आणि एक्सप्रेसवेने मुंबई गाठली.

अम्मीचे गुडघे दुखतात. आम्ही तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवली होती, पण दारात खुर्ची आली तेव्हा अम्मी बसेना. "मी काय आजारी आहे? लोक काय म्हणतील?" शेवटी खुर्ची ढकलणारा मुलगा म्हणाला, "मावशी, बसा. आत खूप चालायचंय. माझी आईपण तुमच्याएवढीच आहे." अम्मी बसली. पुढे अर्धा तास ती त्याच्याशी इतकी बोलली की त्याच्या बहिणीच्या लग्नाची तारीखही तिला ठाऊक झाली. सुरक्षा तपासणी, पासपोर्टची रांग, सगळीकडे तो पुढे आणि आम्ही मागे. निघताना अम्मीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बटव्यातून शंभराची नोट काढून त्याच्या मुठीत कोंबली.

मुंबईचे हे दुसरे टर्मिनल फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाले. त्याच्या आत भिंतींवर देशभरातल्या हस्तकलांचा मोठा संग्रह मांडलेला आहे. त्याला 'जय हे' असे नाव आहे आणि राजीव सेठी यांनी तो उभा केला आहे. लाकडी कोरीव खांब, दरवाजे, मुखवटे, मूर्ती, रंगवलेले पट, अशा हजारो वस्तू आहेत. लोक ट्रॉल्या ओढत त्यांच्यासमोरून धावत जातात. अब्बा मात्र एका कोरीव लाकडी दरवाजाशी थांबले. त्याच्या सांध्यात बोट घालून बघायला निघाले होते, आम्ही हात धरला. खुर्चीवाला मुलगा म्हणाला, "काका, रोज इथून जातो, पण इतका वेळ कोणी बघत नाही."

जेद्दाहचे विमानतळही एका कारागिराची आठवण सांगते. तिथले हज टर्मिनल म्हणजे वाळवंटातल्या तंबूंसारखी पांढऱ्या कापडाची छपरे. काचतंतूंपासून विणलेल्या आणि टेफ्लॉनचा लेप दिलेल्या त्या कापडाखाली भर उन्हातही सावली आणि हवा राहते. असे २१० तंबू आहेत. त्याचे अभियंता फजलुर रहमान खान हे मूळचे ढाक्याचे. अमेरिकेत शिकले, शिकागोत उंच उंच इमारती उभ्या केल्या. हे टर्मिनल १९८१ मध्ये सुरू झाले, १९८३ मध्ये त्याला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. तो बघायला खानसाहेब नव्हते. मार्च १९८२ मध्ये जेद्दाहमध्येच त्यांचे निधन झाले होते. अब्बांना हे सांगितले तेव्हा त्यांनी दुआसाठी हात उचलले.

ज्या भगिनींच्या घरी वडीलधारी मंडळी पहिल्यांदा निघणार आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी इथेच सांगून ठेवतो. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, आयत्या वेळी धावाधाव होते. आम्हाला तिचे वेगळे पैसे पडले नाहीत. जेद्दाहला उतरण्यापूर्वी मिकात विमानातच येते, म्हणून पुरुषांनी एहराम घरी किंवा निघतानाच्या विमानतळावर बांधून घ्यावा. परदेशी विमानात हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. अत्तराची मोठी बाटली, तेल, लोणचे आणि केस कापायची कात्री मोठ्या बॅगेत टाका. पॉवर बँकेचे उलटे आहे, ती हातातल्या पिशवीतच हवी. जमजमचे पाणी कपड्यांच्या बॅगेत घालू नका. विमानतळावर मिळणारा पाच लिटरचा बंद खोका घ्या आणि आपल्या विमान कंपनीचा नियम आधी विचारा. देशांतर्गत विमानाला चेहरा दाखवून आत सोडणारी डिजियात्रा ही सोय आहे. ती सक्तीची नाही, ओळखपत्र आणि तिकीट दाखवूनही जाता येते. अनेक मोठ्या विमानतळांवर नमाजसाठी खोली असते. फलक दिसला नाही तर चौकशीच्या खिडकीवर विचारायला लाजू नका, लोक नीट दाखवतात. आणि वृद्धांच्या गळ्यात घरच्या फोन नंबरची चिठ्ठी जरूर असू द्या. अम्मीने ती आधी नको म्हटली, नंतर ताविजासारखी जपली.

बाराशे ऐंशीचा चहा

परतताना थेट विमान मिळाले नाही. आपल्याच देशातल्या एका मोठ्या शहरात उतरून पुढे पुण्याचे विमान होते. नाव सांगत नाही, कारण सगळीकडे साधारण हेच चालते. विमानाला चार तास उशीर झाला. अम्मीला चहाची तलफ आली, अब्बांना भूक लागली. चार चहा आणि दोन प्लेट समोसे घेतले. बिल आले, बाराशे ऐंशी रुपये.

मुलांच्या अब्बूंनी कार्ड टेकवले, मशीन टुणकन वाजले, झाले. आम्ही काहीही बोललो नाही. "आठशे देतो," म्हणालो नाही. कप खाली ठेवून दारापर्यंत गेलो नाही. समोर युनिफॉर्ममधली मुलगी होती, मागे रांग होती आणि भाव छापलेला होता. छापलेल्या भावाशी आपण भांडत नाही.

चहा होईपर्यंत अब्बा समोरच्या दुकानाकडे बघत होते. काचेच्या कपाटात एक बिदरी डबी होती, आमच्या डबीएवढीच. खाली चिठ्ठी, साडेसात हजार. अब्बा आत गेले आणि विक्रेत्याला विचारले, "कोणी बनवली?" त्याने डबी उलटी करून स्टिकर वाचला आणि अदबीने म्हणाला, "सर, कर्नाटकची आहे." अब्बा बाहेर आले. टेबलावरची चहाची पावती त्यांनी उचलली, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. आम्हाला वाटले, घरी शेजाऱ्यांना दाखवायला घेतली असेल.

पुण्याला लोहगावच्या नव्या टर्मिनलवर उतरलो. ते त्याच वर्षी जुलैमध्ये सुरू झाले होते. मोकळे, उजेडाचे, बॅगाही पटकन आल्या. जुन्या इमारतीत उभे राहायला जागा नसायची, त्यामानाने फार आराम. एकेकाळी विमानतळ आमच्या बाजूला, चाकण-राजगुरुनगरकडे होणार होता. वर्षानुवर्षे तशी चर्चा होती. गावकऱ्यांनी जमिनी द्यायला विरोध केला आणि २०१६ मध्ये तो पुरंदरला करायचे ठरले. चाकणचे आमचे ओळखीचे एक शेतकरी म्हणतात, "कांद्याचं वावर राहिलं, ते बरं झालं." कंपनीतले लोक म्हणतात, आला असता तर सोय झाली असती. आपापल्या जागी दोघेही खरेच बोलतात. आम्ही मात्र त्या रात्री विमानात जितका वेळ बसलो नव्हतो तितका वेळ आळंदी रस्त्याच्या गर्दीत बसलो.

फेब्रुवारीत एकदा सेफ्टी पिना शोधताना आम्ही बिदरी डबी उघडली. आत चार घड्यांचा एक कागद होता. तीच पावती. अक्षरे अर्धी उडून गेली होती, त्या गुळगुळीत कागदावरची शाई काही महिन्यांतच फिकी होते. बाराशे ऐंशी हा आकडा मात्र अजून वाचता येत होता. अब्बांनी ती कधी ठेवली कळले नाही. त्यांनी आम्हाला काही म्हटले नाही, आम्हीही त्यांना विचारले नाही. पावती होती तशी ठेवून झाकण लावले.

आता म्हणतात, विमानतळांवर स्वस्त चहाची सोय होऊ लागली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर सरकारने दहा रुपयांत चहा आणि वीस रुपयांत समोसा देणारे दुकान सुरू केले. चांगलीच गोष्ट आहे. आमच्या मनात घर करून बसलेला प्रश्न त्या चहाच्या किमतीचा नव्हता. शाळेत आम्ही मुलांना शिकवतो की मजुराची मजुरी पुरी द्यावी, वेळेवर द्यावी. आणि ज्या एका ठिकाणी मजुरी आमच्या स्वतःच्या हातून जायची होती, तिथे आम्ही बोहनीची वेळ साधून नऊशे रुपये कापले होते.

पुन्हा बिदर

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही परत बिदरला गेलो. अम्मी गुडघ्यांमुळे घरी राहिली. निघण्यापूर्वी आठवडाभर बाल्कनीतला ग्राइंडर चालू होता. शेजाऱ्यांनी तक्रार केली, अब्बांनी वेळ बदलली, काम थांबवले नाही. जुन्या टूल बिटच्या, हाय-स्पीड स्टीलच्या पट्ट्या त्यांनी वर्षानुवर्षे डब्यात जपून ठेवल्या होत्या. त्यातून पाच छिन्न्या घासल्या, प्रत्येकीचे तोंड वेगळे. सुती चिंध्यांत गुंडाळून पिशवीत ठेवल्या. धाकटा म्हणाला, "नाना, विमानात या सोडणार नाहीत." अब्बा म्हणाले, "म्हणून तर रेल्वेने चाललोय."

उस्ताद त्याच जागी बसलेले होते. केस आणखी पांढरे झाले होते. आम्ही सगळी तयारी करून गेलो होतो. सांगितले की तीन वर्षांपूर्वी आम्ही तुमच्याकडून डबी घेतली होती, बत्तीसशेची तेवीसशेला, आणि ते नऊशे द्यायला आलो आहोत. पाकीट पुढे केले.

उस्तादांनी आमच्याकडे नीट बघितले. आठवायचा प्रयत्न केला, आठवले नाही. "आपा," ते म्हणाले, "सगळेच कमी करून घेतात. कोणाकोणाचे ध्यानात ठेवू?" पाकीट त्यांनी घेतले नाही. "सौदा झाला तो झाला. मी हो म्हणालो होतो. आता त्याचे पैसे घेतले तर मीच खोटा पडेन."

आम्हाला वाटले होते, त्यांच्या डोळ्यांत काही तरी दिसेल. राग दिसेल, नाही तर माफी तरी. आमच्या मनात तीन वर्षे बसलेली गोष्ट त्यांच्यासाठी रोजचीच होती. हे ऐकून आम्हाला जास्त वाईट वाटले.

मग अब्बांनी चिंध्या सोडल्या. उस्तादांनी एक छिन्नी उचलली, अंगठ्यावर फिरवली आणि मुलाला हाक मारली. मुलाने तयार असलेल्या एका तबकडीवर तिने एक पाकळी खोदली, दुसरी खोदली. बाप-लेक आपसात काही बोलले. उस्ताद म्हणाले, "भाईसाब, पोलाद नंबर एक आहे. पण या दोन फार रुंद आहेत. आमची तार केसासारखी असते, खाच मोठी झाली की तार बसत नाही." अब्बांनी दोन्ही परत घेतल्या, नाकावरचा चष्मा वर करून बघितल्या आणि कबूल केले, "डायच्या अंदाजाने घासल्या. चुकले." तीन छिन्न्या उस्तादांनी ठेवल्या. त्यांचे पैसे काय, असे त्यांनी विचारले. अब्बांनी मान हलवली. उस्तादांनी मग चहा मागवला. गल्लीच्या तोंडावरून काचेच्या छोट्या पेल्यांत आला. त्याचे बिल किती झाले ते आम्हाला बघूही दिले नाही.

निघताना आम्ही एक छोटी बिदरी कंगवापेटी घेतली, अम्मीसाठी. किंमत अठराशे सांगितली. आम्ही अठराशे मोजून दिले. उस्तादांचा मुलगा नोटा हातात घेऊन क्षणभर थांबला. आम्ही आणखी काही बोलू असे त्याला वाटले असावे. मग त्याने पेटी कागदात गुंडाळली.

बिदरी डबीत आता दोन कागद आहेत. एक ती पावती, तिच्यावर आज काहीच वाचता येत नाही. दुसरे ते पाकीट, नऊशे रुपयांसकट. त्यांचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. थोरली म्हणते, यापुढे कुठे हस्तकलेची वस्तू घेतली आणि भाव करायचा मोह झाला की त्यातून भर घालायची. तिचे म्हणणे आम्हाला पटते आहे.

शोकेसमध्येही एक बदल झाला आहे. परत आलेल्या त्या दोन रुंद छिन्न्या धाकट्याने डबीच्या शेजारी ठेवल्या आहेत. अब्बा म्हणाले, "अरे, त्या चुकलेल्या आहेत, काढ." त्याने काढल्या नाहीत. शाळेतल्या जाड्या मार्करने पुठ्ठ्यावर लिहून त्यांच्यापुढे पाटीही लावली आहे. हिमरूपुढे औरंगाबाद, फळांपुढे सावंतवाडी आणि छिन्न्यांपुढे भोसरी. कोणी पाहुणा आला की अब्बा अजूनही त्याला आधी बिदरी डबी दाखवतात. मात्र पाहुण्याने छिन्नीला हात लावलाच, तर हळूच सांगतात, "उलटी करून बघा."